अडीच महिने उपाशी! सीलची पिल्लं जगतात तरी कशी?

सॅनहोजेकर, १७ मार्च, रात्री ११.४०

मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

परवा शनिवारी आन्यो नुएवोला जाऊन आलो. कॅलिफोर्नियात बे एरियातल्यांना माहीत असेल, सॅन होजेहून सव्वा तास, हायवे १ ला लागून समुद्राकडे. नाव स्पॅनिश, अर्थ 'नवीन वर्ष', १६०३ च्या ३ जानेवारीला विस्काइनो नावाचा दर्यावर्दी इथून जात होता म्हणून. तिथे दर हिवाळ्यात एलिफंट सील किनाऱ्यावर येतात, पिल्लं होतात, नर मारामाऱ्या करतात, सगळा संसार वाळूत. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेर आपल्या आपण आत शिरता येत नाही, गाईडच्या मागून जायचं, तीनेक मैल चाल आहे, वाळूत पाय रुततात, बायकोने नवे बूट घातले होते त्यावरून परतीच्या वाटेत जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

तर आम्ही पोचलो तेव्हा मोठे सील जवळपास सगळे निघून गेलेले. लांबवर पाच-सहा नर लोळत होते. आणि वाळूच्या एका खोलगट जागेत पिल्लंच पिल्लं, मार्केट यार्डात पोती उतरवून ठेवतात ना तशी एकमेकांना खेटून. चंदेरी चकचकीत, गरगरीत, मान हा प्रकारच नाही. एकाच्या नाकपुड्या गच्च मिटलेल्या. मुलगी (वय ७) म्हणाली बाबा हा श्वास घेत नाहीये. मी घड्याळ लावलं. सहा मिनिटं!! सहा मिनिटांनी फुस्स करून नाक उघडलं, भराभर दहा-बारा श्वास घेतले, डोळे किलकिले करून आमच्याकडे बघितलं आणि दुकान परत बंद.

मग मुलीने विचारलं यांच्या आया कुठेत. गाईड आजी म्हणाल्या, गेल्या. समुद्रात. कधी येणार? यांच्यासाठी नाही येणार. मग हे खातात काय? काही नाही. कधीपर्यंत? एप्रिल संपेपर्यंत. म्हणजे साधारण दोन ते अडीच महिने अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. मुलीने खिशातून अर्धा काढलेला ग्रॅनोला बार गुपचूप परत आत ठेवला.

घरी आल्यावर वाचत बसलो. जन्मतः वजन ३५ किलोच्या आसपास. आई २६-२८ दिवस दूध पाजते. तेवढ्यात पिल्लू १३० किलोपर्यंत जातं. म्हणजे रोज साडेतीन किलो! मग आई एक दिवस उठते, नराशी जोडी जमवते आणि चालू पडते. आणि पिल्लू बसतं उपासाला. उपासात वजनाचा पाव ते तीसेक टक्के हिस्सा जातो, म्हणजे हिशोब केला तर रोज साधारण अर्धा किलो.

माझा प्रश्न साधा आहे. समुद्र पन्नास पावलांवर आहे, मासे तिथे आहेत, मग हे बेणं वाळूत झोपून उपाशी का राहतं? थेट पाण्यात का नाही जात?

साखरभात, १८ मार्च, सकाळी ७.१२

मस्त लिहिलंय. फोटो टाका ना. आणि बुटांबद्दल वहिनी काय म्हणाल्या तेही.

ओवी_मुलुंड, १८ मार्च, सकाळी ८.०५

वाचतेय. आमच्याकडे शाळेत 'सील मासा' शिकवलेला, आता मुलाला सांगताना लाज वाटते. मासा नाही हो तो, अंगावर दूध पाजणारा प्राणी, पाण्यात फार वेळ बुडवून ठेवला तर तोही गुदमरेल.

एकादशी, दुप्पट खाशी म्हणतात ते यांच्याकडे बघूनच पडलं असावं. महिनाभर चौपट खायचं आणि मग उपास.

पाटील_डेअरीवाले, १८ मार्च, सकाळी १०.४७

रोज साडेतीन किलो वजन वाढतंय म्हटल्यावर मला पहिला प्रश्न, दुधाला फॅट किती लागते? आमच्याकडे म्हशीला सात लागली की माणूस कॅन घेऊन ताठ चालतो. गाईला साडेतीन-चार. साडेतीनच्या खाली आली की डेअरीवाला तोंडाकडे बघतो, पाणी घातलंय काय म्हणून.

प्राणवायू, १८ मार्च, दुपारी १.२०

पाटील, बसून घ्या. ५० च्या वर.

म्हणजे सुरुवातीला १०-१५ टक्क्यांच्या आसपास आणि शेवटच्या दिवसांत ५०-५५ टक्के. साखर जवळजवळ शून्य. तुमच्या डेअरीत ओतलं तर मशीन बिघडलंय म्हणतील. पातळ केलेलं लोणीच समजा.

यात एक गंमत. गाई-म्हशीचा चीक पहिल्या दिवसात दाट असतो आणि मग दूध पातळ होत जातं, इथे उलट. आधी पातळ मग घट्ट. कारण असं मानतात की आई स्वतः त्या महिन्यात काही खात नाही आणि पीत नाही, तिलाही पाणी वाचवायचं असतं, म्हणून जसे दिवस जातात तसं दुधातलं पाणी कमी होतं. चरबी तिच्याकडे भरपूर आहे, पाणी नाही. जे आहे ते देते.

पाटील_डेअरीवाले, १८ मार्च, दुपारी १.३८

५५ फॅट. आयला. खरवस तरी होईल काय त्याचा.

साखरभात, १८ मार्च, दुपारी १.४४

खरवस नाही, थेट तूप.

नाठाळ, १८ मार्च, दुपारी ३.०२

सगळं ठीक पण आई निर्दयीच म्हणायची. महिन्याच्या लेकराला वाळूत टाकून निघून जायचं, परत तोंड दाखवायचं नाही. निसर्गाचं कौतुक करताना आपण हे सगळं गोड करून सांगतो.

ओवी_मुलुंड, १८ मार्च, दुपारी ३.३१

नाठाळ, जरा हिशोब करा. ती बया किनाऱ्यावर येते तेव्हा पाच-सहाशे किलोची असते, जाते तेव्हा वजनाचे ४० टक्के कमी. महिन्याभरात. पोटाला चिमटा काढून म्हणतात ना, इथे चिमटा नाही, अख्खी कोठी रिकामी केलीये. आणखी आठवडाभर थांबली तर तीच मरेल आणि पिल्लूही. बाळंतपणाची रजा संपली की आपण जातोच ना ऑफिसला, त्या दिवशी ट्रेनमध्ये मी ठाण्यापर्यंत रडले होते, मला कोणी निर्दयी म्हटलं नव्हतं. म्हणजे सासूबाई म्हणाल्या होत्या, पण ते वेगळं.

नाठाळ, १८ मार्च, दुपारी ३.५०

बरं बाई, शब्द मागे. निर्दयी नाही, हिशेबी.

लिंकनशायरची_मावशी, १८ मार्च, रात्री ८.१५ (इकडच्या वेळेने दुपार)

आमच्या इथे इंग्लंडात डोना नूक म्हणून किनारा आहे, नोव्हेंबर-डिसेंबरात ग्रे सीलची पिल्लं होतात. खरं तर ती विमानदलाची बॉम्ब टाकायच्या सरावाची जागा, पण सीलना त्याचं काही नाही. लाकडी कुंपणापलीकडे दोन-तीन फुटांवर पिल्लू लोळत असतं, पांढरं केसाळ, कापसाची गादी उसवल्यासारखं. जन्मतः १४ किलोच्या आसपास, १८-२१ दिवस दूध, तेवढ्यात तिप्पट, आणि आई पसार. मग पिल्लू दोन-चार आठवडे, काही त्याहून जास्त, तसंच उपाशी.

सासूबाई भारतातून आल्या होत्या तेव्हा नेलं होतं. थंडीने दात वाजत होते, तरी अर्धा तास हलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, आई गेली तरी हे रडत कसं नाही गं? खरंच नाही रडत. आई असताना भुकेने केवढं कोकलतात, अगदी लहान बाळासारखं. आणि ती गेली की एक-दोन दिवसांनी गप्प. पडून राहतात.

एक सांगते, कोणाला कधी समुद्रावर असं एकटं पिल्लू दिसलं तर त्याला पाण्यात ढकलू नका!! मी दुसऱ्या एका बीचवर स्वतः पाहिलंय, एक भला गृहस्थ गळ्यातला स्कार्फ काढून पिल्लाला गुंडाळून समुद्राकडे ओढत होता, डोळ्यात पाणी त्याच्या. पिल्लू त्याला चावायला बघतंय, हा ओढतोय. तिथल्या स्वयंसेवक बाई धावत आल्या आणि त्याला जे काही बोलल्या. त्या पांढऱ्या केसांत पाणी शिरतं, ते पोहायचे केस नाहीतच, ते झडून खालचे आखूड केस आले की मग पिल्लू आपणहून जातं. ते हरवलेलं नसतं, ते जिथे असायला हवं तिथेच असतं. जखमी किंवा हाडं दिसणारं असेल तर रेस्क्यूवाल्यांना फोन, आपण लांब.

सॅनहोजेकर, १८ मार्च, रात्री ११.१०

मावशी, इथेही हेच. बोर्डावर लिहिलंय २५ फूट लांब राहा, आणि १९७२ चा कायदा आहे, हात लावला तर गुन्हा. सॉसालिटोला समुद्री प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल आहे, तिथे दर वसंतात एलिफंट सीलची अशी पिल्लं येतात जी आईपासून लवकर तुटली आणि पुरेशी लठ्ठ झाली नाहीत. त्यांना माशांचा लगदा नळीने भरवतात, मग अख्खा मासा खायला शिकवतात. म्हणजे ज्यांची कोठी भरली नाही तीच खरी उपाशी. बाकीची उपाशी दिसतात फक्त.

पण माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाही मंडळी. आणि पाण्याचं काय? अन्न नाही ठीक आहे, चरबी आहे. पाण्याशिवाय अडीच महिने??

भटकी_भावना, १९ मार्च, सकाळी ९.००

पाण्याचं उंटासारखं असेल. मदारीत साठवतात तसं.

प्राणवायू, १९ मार्च, सकाळी ११.३५

भावना, उंटाच्या मदारीत पाणी नसतं, चरबी असते. पण तुमचा बाण योग्य दिशेला गेलाय.

चरबी जाळली की पाणी तयार होतं. लाकूड जळताना वाफ निघते तसंच, चरबीतला हायड्रोजन ऑक्सिजनला भेटतो. एक किलो चरबी जाळली तर किलोला थोडं जास्तच पाणी मिळतं. उंटाला याचा फारसा फायदा नाही कारण चरबी जाळायला श्वास घ्यावा लागतो आणि वाळवंटाच्या कोरड्या हवेत श्वासावाटेच ते पाणी उडून जातं, हात दाखवून अवलक्षण. सीलच्या पिल्लाने इथेच बाजी मारलीये.

एक तर हवा थंड आणि दमट, समुद्रकाठची. दुसरं त्याचं नाक. आत हाडांच्या पापुद्र्यांची अशी गुंतागुंत आहे की कापून बघितलं तर कोबी चिरल्यासारखं दिसतं. आत जाणारी थंड हवा त्या पापुद्र्यांना गार करते, बाहेर येणारी गरम दमट हवा त्याच गार पापुद्र्यांवरून जाते आणि तिच्यातली वाफ तिथेच जिरते. पावसाळ्यात गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसं, नाकाच्या आत. पाणी परत शरीरात. आणि तिसरं, सॅनहोजेकरांनी घड्याळ लावून मोजलं तेच. झोपेत सहा-सहा मिनिटं श्वासच नाही म्हटल्यावर वाफ जायला वाट कुठे. मग एकदम काही श्वास, परत बंद. नाडीही त्या वेळात मंदावते.

आणि लघवी. ही सगळ्यात भारी गोष्ट आहे पण कोणी बोलत नाही, मी बोलतो. प्रोटीन जाळलं की युरिया होतो, युरिया बाहेर टाकायला पाणी लागतं. चरबी जाळली तर युरिया नाही. हे पिल्लू उपासातली ९० टक्क्यांहून जास्त ऊर्जा चरबीतून काढतं, स्नायूंना जेमतेम हात लावतं. त्यामुळे लघवी अगदी थोडी आणि घट्ट. म्हणजे स्नायू वाचवणं आणि पाणी वाचवणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच, एकाच हिशोबाच्या दोन बाजू.

साखरभात, १९ मार्च, सकाळी ११.५०

कोबीचं नाक. आज भाजी होणार नाही माझ्याच्याने.

फिट_फाटा, १९ मार्च, दुपारी १२.२२

म्हणजे सील फास्टिंग करतो आणि मसल लॉस नाही, फक्त फॅट बर्न. मी हेच ऑफिसात सांगतो, कोणी ऐकत नाही. १६ तास उपास केला तर लोक मला वेड्यात काढतात, हे बघा ७० दिवस.

डॉ_सुंठ, १९ मार्च, दुपारी २.४०

फाटा, थांबा. कृपा करून थांबा.

मी मधुमेहाचे पेशंट बघतो म्हणून यात मला वेगळाच रस आहे. उपासात या पिल्लांच्या रक्तातली साखर आपण समजतो तशी तळाला जात नाही, बऱ्यापैकी वरच राहते. इन्शुलिन मात्र कमी होत जातं आणि शरीर त्याला दादही देईनासं होतं. माझ्या ओपीडीत असे रिपोर्ट घेऊन कोणी आलं तर मी गंभीर चेहरा करून बसवून घेईन. सीलमध्ये ही जवळपास इन्शुलिन रेझिस्टन्ससारखी अवस्था दर वर्षी येते आणि ते आजारी पडत नाहीत. कॅलिफोर्नियात रूडी ऑर्टिझ म्हणून संशोधक आहेत, त्यांच्या ग्रुपने यावर बरीच वर्षं काम केलंय. त्यातून जे कळतं ते असं की स्नायूंनी आणि चरबीने साखर घेऊ नये, ती मेंदूसारख्या ज्यांचं साखरेवाचून अडतं त्यांच्यासाठी राहावी, बाकीच्यांनी चरबीवर भागवावं. घरात साखर कमी असली की चहा पाहुण्यांना आणि आपण बिनसाखरेचा, तसं.

दुसरं, इतके दिवस उपास आणि श्वास रोखून धरणं, माणसात याने पेशींचं नुकसान होतं, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात तो. या पिल्लांत उपास लांबतो तशी ग्लुटाथायोनसारखी संरक्षक यंत्रणाच वाढत जाते.

आता फाटासाहेब, तुमच्याकडे उपासाच्या सुरुवातीला शरीराची निम्मी-अर्धी चरबी आहे का? कोबीचं नाक आहे का? नाही ना, मग पाणी प्या आणि वेळेवर जेवा. गंमत नाही करत, डायबेटिसची औषधं चालू असताना सलग उपास करून शुद्ध हरपलेली माणसं मी बघितलीयेत.

फिट_फाटा, १९ मार्च, दुपारी २.५५

बरं डॉक्टर. चरबी आहे तशी थोडी.

पिंपळपान, १९ मार्च, संध्याकाळी ६.१८

चांगला धागा. सगळे सील असे नसतात हे जोडतो.

हूडेड सील म्हणून उत्तर अटलांटिकच्या बर्फावर असतात, त्यांचं दूध पाजणं फक्त चार दिवसांत उरकतं. चार दिवस! सस्तन प्राण्यांत सगळ्यात कमी. दुधात ६० टक्के चरबी, पिल्लू रोज सात किलोच्या आसपास वाढतं, चार दिवसांत वजन दुप्पट आणि टाटा. हार्प सील १२ दिवस. दोघांचाही पाळणा म्हणजे समुद्रावर तरंगणारा बर्फ, तो कधी फुटेल सांगता येत नाही, म्हणून ही घाई. आता हिवाळ्यात बर्फ कमी आणि पातळ होतोय तर ज्या वर्षी लवकर फुटतो त्या वर्षी हार्पची पिल्लं कोठी भरायच्या आधीच पाण्यात पडतात.

आणि याच्या अगदी उलट टोकाला हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला अॅमस्टरडॅम नावाचं बेट आहे, फ्रान्सचं. तिथले फर सील. ही आई पिल्लाला सोडून जात नाही, दहाएक महिने पाजते, पण मासे इतके लांब की एकेका फेरीला दोन-दोन, तीन-तीन आठवडे गायब. मग येते, दोन-चार दिवस पाजते, परत फेरी. म्हणजे पिल्लाला एक मोठा उपास नाही, उपासांची माळच. ते काय करतं, तर हालचाल बंद, खडकाच्या फटीत गुंडाळून पडून राहायचं. एलिफंट सीलच्या पिल्लासारखी गडगंज चरबी याच्याकडे नाही, त्यामुळे खर्चच कमी करायचा.

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, शेकडो पिल्लांत आपलं कोणतं आणि आई कोणती? आवाजावरून. २००१ मध्ये शारिये, मातेव्हाँ आणि जूव्हाँतँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्या बेटावर आयांचे आवाज रेकॉर्ड करून पिल्लांना ऐकवले. पिल्लू जन्मानंतर दोन ते पाच दिवसांत आईचा आवाज ओळखायला शिकतं. आणि आई पहिल्या फेरीला कधी निघते? पिल्लाला तिचा आवाज ओळखता यायला लागल्यावरच.

ओवी_मुलुंड, १९ मार्च, संध्याकाळी ६.४०

हे शेवटचं वाक्य वाचून ट्रेनमध्ये डोळ्यात पाणी आलं माझ्या. परत. त्याच ट्रेनमध्ये.

नाठाळ, १९ मार्च, संध्याकाळी ७.०५

ही आई आवडली आपल्याला.

रोखठोक_राणे, १९ मार्च, रात्री ९.३०

हार्प सीलचा विषय निघालाच आहे तर कॅनडात त्यांना काठीने मारतात त्याबद्दल कोणी का बोलत नाही? यांना इथे उपासाची चिंता.

पिंपळपान, १९ मार्च, रात्री ९.५२

राणे, पांढऱ्या केसांच्या पिल्लांची व्यापारी शिकार कॅनडाने १९८७ लाच बंद केली. मोठ्यांची होते, त्यावर वाद आहेत, वेगळा धागा काढा, मी येतो. इथे नको.

सॅनहोजेकर, १९ मार्च, रात्री ११.५८

पिंपळपान जियो. पण मी ओरडून ओरडून विचारतोय, पाण्यात का नाही जात लगेच?

प्राणवायू, २० मार्च, सकाळी १०.१०

मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. कारण मला वाटतं आपण प्रश्नच उलटा धरलाय. आपण विचारतोय उपासात ते तग कसं धरतं. पण दूध तुटलं त्या दिवशी ते १३० किलोचं पिल्लू खरं म्हणजे बिनकामाचं आहे. पोहता धड येत नाही, बुडी मारता येत नाही, चरबीमुळे बुचासारखं तरंगतं. त्याची आई एकेका बुडीत पाचशे-सहाशे मीटर खाली जाते, वीस-वीस मिनिटं. तिथे मासे आहेत. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात याच्या कामाचं फारसं काही नाही, शिवाय शार्क आहेत.

बुडी मारायला फुप्फुसात हवा भरून घ्यायची नसते, सील तर खोल जाण्याआधी हवा सोडून देतो. ऑक्सिजन साठतो रक्तात आणि स्नायूंत. स्नायूत मायोग्लोबिन नावाचं द्रव्य असतं, सीलचं मांस त्यामुळे जवळजवळ काळं दिसतं. जन्मलेल्या पिल्लाकडे हे पुरेसं नसतं. या दोन-अडीच महिन्यांत, पोटात कण नसताना, त्याचं रक्त वाढतं, हिमोग्लोबिन वाढतं, मायोग्लोबिन वाढतं. एकीकडे वजन उतरतंय आणि दुसरीकडे पाणबुडी बांधून होतेय. आणि झोपेत श्वास रोखण्याचा वेळही वयाबरोबर वाढत जातो.

दिवसभर ही पोती वाळूत पडलेली दिसतात, पर्यटक दिवसा जातात म्हणून. संध्याकाळ झाली की उठतात, डबक्यांत, खडकांमधल्या उथळ पाण्यात शिरतात. आधी नुसतं तोंड बुडवणं, मग गोल गोल फिरणं, मग थोडं आत. रात्रभर क्लास. सांताक्रूझ विद्यापीठाच्या बर्नी ल बफ यांच्या लोकांनी सत्तरच्या दशकात तिथे रात्री-अपरात्री वाळूत बसून हे सगळं लिहून काढलंय, त्या थंडीत आणि त्या वासात.

म्हणून घाई केली तर शरीर तयार नाही. आणि उशीर केला तर कोठी रिकामी, कारण तीच चरबी उद्याच्या थंड पाण्यात गोधडी आहे, ती सगळी जाळून चालत नाही, शिवाय पहिला मासा पहिल्या दिवशी मिळेलच असं नाही. एप्रिलअखेर ही त्या दोन भीतींच्या मधली तारीख आहे. लठ्ठ पिल्लू जास्त थांबू शकतं, हडकुळ्याला शिकणं पुरं व्हायच्या आत निघावं लागतं.

डॉ_सुंठ, २० मार्च, सकाळी १०.४५

दंडवत घ्या. उपाशी पोटी हिमोग्लोबिन वाढतंय हे माझ्या पेशंटना सांगू नका.

नाठाळ, २० मार्च, सकाळी ११.२०

सुंदर. पण तरी किती वाचतात? आकडा सांगा, नुसती कविता नको.

प्राणवायू, २० मार्च, सकाळी ११.४१

रास्त. पहिल्या वर्षात निम्म्याच्या आसपास, कधी निम्म्याहून जास्त परत येत नाहीत. त्याआधी किनाऱ्यावरच काही मरतात, नर अंगावरून जातो, वादळी भरतीत आईपासून तुटतात. १९८३ च्या एल निन्योच्या हिवाळ्यात लाटांनी आन्यो नुएवोवरची बरीच पिल्लं नेली, पोहता येत नसताना. उपासाने फार कमी मरतात. उपास संपल्यावर मरतात.

साखरभात, २० मार्च, दुपारी १२.०२

यात कोणी चोर नसतात का? म्हणजे दुसऱ्याच्या आईचं दूध वगैरे.

प्राणवायू, २० मार्च, दुपारी १२.३०

असतात की! आपली आई गेली की काही पिल्लं, त्यात नर जास्त, झोपलेल्या दुसऱ्या आईजवळ हळूच सरकतात. बहुतेक वेळा तिला कळतं आणि ती चावते, जबर चावते, त्यात मरतातही. जमलं तर मात्र दुप्पट. काहींना तर दोन आया मिळतात, दुसरी म्हणजे जिचं पिल्लू गेलंय अशी एखादी. असं पिल्लू दोनशे किलोच्या वर जातं, तिथले लोक त्याला सुपरवीनर म्हणतात. ते इतकं गोल असतं की पोटावर पडलं की पुढचे वल्हे वाळूला टेकत नाहीत.

पाटील_डेअरीवाले, २० मार्च, दुपारी १२.५०

आमच्यात असलं वासरू असलं की मालक कौतुकाने सांगतो सगळ्यांना. शेजारचा नाही सांगत.

सॅनहोजेकर, २७ एप्रिल, रात्री १०.२०

धागा वर काढतोय, माफी. काल परत गेलो. एप्रिलपासून गाईड नसला तरी चालतं, परवाना घेऊन आपण जायचं. बायकोने जुने बूट घातले.

तो खोलगट भाग रिकामा. वाळूत नुसते खळगे, पोतं उचलल्यावर जमिनीवर उरतो तसा ठसा. माद्या परत आल्यात, पण पिल्लांसाठी नाही, केस आणि कातडी बदलायला, जुनी साल लक्तरासारखी अंगावरून लोंबत होती. वास मार्चपेक्षा वाईट.

मुलीने पिल्लं मोजली, १४. मला वाटलं होतं ती वाळलेली दिसतील, तसं नाही, पण मान आलीये! आता डोकं कुठे संपतं आणि अंग कुठे सुरू होतं ते कळतं. खडकांच्या आत पाणी साचलेलं होतं तिथे एक जण तोंड बुडवून पडलेला, मागचे पाय वर, हलत नव्हता. मी घड्याळ काढेपर्यंत मुलीने मोजायला सुरुवात केली होती. मान वर आली तेव्हा ती ४१२ वर होती. जरा भरभर मोजते ती.